नोकरीआधीची पार्श्वभूमी पडताळणी: कंपनी काय तपासते आणि उमेदवाराने आधी काय तपासून ठेवावे

बीकेसीतली बँक असो, मालाडचे कॉल सेंटर असो की ऐरोलीचा आयटी पार्क, मुंबई परिसरातल्या बहुतेक ऑफर लेटरमध्ये एक वाक्य ठरलेले असते: पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक झाली, तरच ही नियुक्ती कायम राहील. उमेदवाराची नजर पगाराच्या आकड्यावर आणि रुजू होण्याच्या तारखेवर असल्यामुळे हे वाक्य बहुधा वाचून सोडून दिले जाते. खरे तर जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी त्याच वाक्याचा विचार सर्वांत जास्त करायला हवा, कारण पडताळणीचा अहवाल अनेकदा रुजू झाल्यानंतर येतो आणि तोवर परतीची वाट बंद झालेली असते.

पडताळणी म्हणजे मुळात जुळवणी. एका बाजूला उमेदवाराने फॉर्मात लिहिलेली माहिती, आणि दुसऱ्या बाजूला भविष्य निर्वाह निधी (पीएफ), आयकर, विद्यापीठ, न्यायालय आणि जुनी कंपनी यांच्याकडे आधीपासून असलेल्या नोंदी. या दोन्हींत फरक आढळला की प्रश्न उभा राहतो, मग त्यामागे खोटेपणा असो वा जुन्या कंपनीतल्या कारकुनाने चुकवलेली एखादी तारीख. प्रामाणिक माणसेही यात अडकतात, कारण आपल्या नावावर कुठे काय नोंदले आहे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: तपासणारा जे पाहणार आहे, ते त्याच्याआधी आपण पाहावे, चुकले असेल तर दुरुस्त करावे, आणि दुरुस्त होण्यासारखे नसेल तर फॉर्मातच लेखी सांगून टाकावे.

तपासणी कोण करते

मोठ्या कंपन्या हे काम सहसा बाहेरच्या एजन्सीला देतात. एचआर विभागाकडून एक लिंक येते, उमेदवार तिच्यावर फॉर्म भरतो, कागदपत्रे अपलोड करतो आणि संमतीपत्रावर सही करतो. त्यानंतर फाइलचे ओळख, पत्ता, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, न्यायालयीन नोंदी असे भाग पडतात आणि ते बहुधा वेगवेगळ्या हातांखालून जातात. पदवी तपासणाऱ्याला आपल्या नोकरीची हकिगत ठाऊक नसते, आणि मुलाखतीत तोंडी दिलेले स्पष्टीकरण तर यांपैकी कोणापर्यंतच पोहोचलेले नसते. ‘मी मुलाखतीत सांगितले होते’ या वाक्याचा पुढे फारसा उपयोग होत नाही तो यामुळेच. अहवालात प्रत्येक भागाला रंग दिलेला असतो: सारे जुळले तर हिरवा, शंका किंवा अपुरी माहिती असेल तर अंबर, ठळक तफावत असेल तर लाल. या रंगांवर निर्णय घेते ती कंपनी. एजन्सी फक्त काय आढळले ते कळवते.

आयटी आणि बीपीओ क्षेत्रात याशिवाय नॅशनल स्किल्स रजिस्ट्री आहे. आयटी कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेल्या या नोंदवहीत कर्मचाऱ्याची ओळख बोटांच्या ठशांसह नोंदवली जाते आणि शिक्षण व नोकरीची पडताळलेली माहिती एकत्र राहते. छोट्या ठिकाणी, म्हणजे मशीद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे किंवा दादरच्या एखाद्या सीए फर्ममध्ये, मालक स्वतः फोन उचलून जुन्या मालकाला विचारतो आणि पडताळणी तिथेच संपते.

पहिली पायरी: पीएफ आणि आयकराच्या नोंदी स्वतः काढणे

फॉर्म भरायला बसण्याआधी ईपीएफओच्या, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, सभासद पोर्टलवर जाऊन आपली सर्व्हिस हिस्टरी उघडावी. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा अंकी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक, मिळतो आणि त्याखाली आजवरच्या प्रत्येक पीएफ खात्याची कंपनी, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. नोकरीचा इतिहास तपासणाऱ्याच्या हातात यापेक्षा भक्कम कागद क्वचितच असतो. अनुभवाचे पत्र कोणीही छापू शकते, पण दर महिन्याला जमा झालेली वर्गणी मागाहून तयार करणे अवघड असते.

या पानावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली आहे का. ती कोरी असेल, तर कागदोपत्री आपण अजून त्या नोकरीत आहोत, आणि नवी नोकरी सुरू झाली की एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसू लागतात. विप्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करत असल्याच्या कारणावरून सुमारे ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले. तेव्हापासून आयटी कंपन्यांत या दुहेरी नोंदीकडे फार बारकाईने पाहिले जाते. उपाय मात्र सभासदाच्या हातात आहे: शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की पोर्टलवर मॅनेज या भागातल्या मार्क एक्झिटमधून तारीख आपली आपण भरता येते. ही तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्या महिन्यातलीच असावी लागते, त्यामुळे रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, समोर ठेवूनच ती भरावी.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का. जानेवारी २०२५ पासून ईपीएफओने दुरुस्तीची पद्धत सोपी केली असून, १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेल्या आणि आधारने पडताळलेल्या यूएएनच्या बाबतीत असे बरेच तपशील सभासदाला कंपनीच्या मंजुरीशिवाय ऑनलाइन बदलता येतात. जुन्या यूएएनसाठी अजून कंपनीमार्फत जावे लागते. ती कंपनी बंद पडली असेल, तर वांद्रे पूर्व किंवा कांदिवलीसारख्या ज्या पीएफ कार्यालयाच्या अखत्यारीत ते खाते आहे तिथे अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून नोकरी शोधायला सुरुवात केल्याच्या आठवड्यातच हे काम हाती घ्यावे. तिसरी गोष्ट म्हणजे एकाऐवजी दोन यूएएन तयार झाले आहेत का. नव्या कंपनीत फॉर्म ११ भरताना जुना क्रमांक दिला नसेल, तर असे होऊ शकते, आणि अर्धा इतिहास भलत्याच क्रमांकाखाली राहतो.

पीएफची नोंद नाही म्हणजे नोकरी खोटी, असे समजण्याचे कारण नाही. वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ सहसा लागू होत नाही, आणि आधी कधीही सभासद नसलेला, दरमहा १५,००० रुपयांहून अधिक मूळ वेतनावर रुजू झालेला कर्मचारी योजनेबाहेर राहू शकतो. तसेच पासबुकात दर महिन्याला कर्मचाऱ्याच्या नावे १,८०० रुपयेच दिसत असतील, तर ती १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापलेली वर्गणी असते आणि तिच्यावरून खरा पगार कळत नाही. हे नवख्या तपासनिसाच्या लक्षात येईलच असे नाही, म्हणून फॉर्ममधल्या शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहून ठेवावी.

पगार आणि कालावधी यांचा दुसरा साक्षीदार म्हणजे आयकराचा फॉर्म २६एएस. त्यात पगारावर टीडीएस कापणाऱ्याचे नाव, त्याचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि तारखांसह रकमा असतात. उमेदवाराने दिलेला फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेले टीडीएसचे प्रमाणपत्र, खरा आहे का, हे या पानाशी ताडून सहज कळते. इथे एक सावधगिरी मनापासून सुचवाविशी वाटते. २६एएसमध्ये मुदत ठेवींच्या व्याजापासून घरविक्रीपर्यंतचे व्यवहार दिसू शकतात आणि नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध झालेल्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, त्याहूनही बरेच काही असते. नोकरी देणाऱ्याला हे सगळे पाहण्याचे काही कारण नाही. पगाराचा भाग ठेवून बाकीचा झाकावा आणि एआयएस मागितल्यास २६एएसचा संबंधित भाग देऊन काम भागेल का, असे नम्रपणे विचारावे. बँकेच्या स्टेटमेंटचेही तेच: पगार जमा झालेल्या ओळी दिसू द्याव्यात, किराणा आणि औषधांचा खर्च झाकावा.

दुसरी पायरी: नोकऱ्यांचा तपशील कागदाप्रमाणे लिहिणे

मुंबईत एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते. मुलगा तीन वर्षे एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये बसतो, गळ्यात बँकेचे ओळखपत्र असते, काम बँकेचे, साहेब बँकेचा. पण पगार देते ती मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी. बायोडेटात तो स्वाभाविकपणे बँकेचे नाव लिहितो. पडताळणी करणाऱ्या एजन्सीने बँकेच्या एचआरकडे विचारणा केली की उत्तर येते, या नावाचा कर्मचारी आमच्या पटावर नव्हता. पीएफच्या नोंदीत भलतेच नाव निघते आणि अहवालाचा तो भाग लाल होतो. काम त्याने खरोखर केलेले असते, आणि तरीही कागदावर तो खोटा ठरतो. हे टाळायला दोन ओळी पुरतात: नियोक्ता म्हणून पगार देणाऱ्या एजन्सीचे नाव लिहावे आणि खाली प्रत्यक्ष कामाचे ठिकाण म्हणून बँकेचे नाव, विभाग व कालावधी द्यावा. कंत्राटी कामाबद्दल अनेकांच्या मनात संकोच असतो, पण तपासणाऱ्याला कंत्राटाशी काही देणेघेणे नसते. त्याला फक्त नाव जुळायला हवे.

तारखा रिलीव्हिंग लेटरवर आहेत त्याच लिहाव्यात, आठवणीने नाही. दोन नोकऱ्यांमधले अंतर भरून काढण्यासाठी आधीची नोकरी दोन महिने पुढे ओढण्याचा मोह अनेकांना होतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महागात पडणारी गोष्ट हीच. आजारपण, बाळंतपण, आईवडिलांची शुश्रूषा, एमपीएससीची तयारी किंवा नुसता कामाचा शोध, यांतल्या कोणत्याही कारणाने पडलेला खंड एका वाक्यात सांगता येतो आणि बहुतेक ठिकाणी तो स्वीकारला जातो. ताणलेल्या तारखेचे मात्र समर्थन करता येत नाही, कारण पुढचा प्रश्न असा असतो की इथे खोटे लिहिले, मग आणखी कुठे लिहिले आहे. पदाचेही तसेच आहे. पत्रावर एक्झिक्युटिव्ह असेल आणि काम टीम लीडरचे करत असाल, तर पद एक्झिक्युटिव्ह लिहावे आणि जबाबदाऱ्यांच्या रकान्यात टीम सांभाळल्याचे नमूद करावे. पगार विचारला असेल, तर निश्चित रक्कम आणि कामगिरीवर मिळणारी रक्कम वेगळी दाखवावी.

जुन्या कंपनीकडे विचारणा बहुधा एचआरच्या अधिकृत ईमेलवर होते. सोबत उमेदवाराने दिलेल्या वरिष्ठाला फोन जातो आणि त्या व्यक्तीने कंपनीच्या ईमेलवरून दुजोरा द्यावा, अशी अपेक्षा असते; वैयक्तिक जीमेलवरून आलेल्या शिफारशीला फारसे वजन मिळत नाही. ज्यांचे नाव द्यायचे त्यांना आधी विचारावे, आणि ते आता तिथे नसतील तर तसे लिहावे. सध्याच्या कंपनीशी संपर्क साधण्याची परवानगी आहे का, हा प्रश्न फॉर्मात असतो. राजीनामा दिलेला नसेल तर तिथे नकार नोंदवायला अजिबात कचरू नये. रुजू झाल्यानंतर तो भाग पूर्ण करण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे.

रिलीव्हिंग लेटर मिळालेच नसेल तर? नोटीस पिरियडवरून वाद झाला, कंपनीने पत्र अडवून ठेवले, असे अनेकांच्या बाबतीत घडते. अशा वेळी राजीनाम्याचा ईमेल, तो स्वीकारल्याचे उत्तर, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची पोच, फुल अँड फायनलचा हिशेब आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या एकत्र कराव्यात आणि वादाची हकिगत चार वाक्यांत लिहून द्यावी. नोकरी सोडण्याआधी हे ईमेल स्वतःकडे जपून ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचे खाते बंद होते.

जुनी कंपनीच बंद पडली असेल, तर तपासणारा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचा २१ अक्षर-अंकी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, शोधतो. ती कधी स्थापन झाली आणि आता सक्रिय आहे की नोंदवहीतून नाव काढले गेले आहे, हे तिथे दिसते. हा क्रमांक जुन्या पगारपावतीच्या तळाशी किंवा लेटरहेडवर सापडू शकतो. तो आपणच दिला तर काम सोपे होते. दुकान किंवा छोटी पेढी असेल तर सीआयएन नसतोच. तिथे मालकाचे लेटरहेडवरचे पत्र, दुकानाच्या गुमास्ता परवान्याची किंवा जीएसटी नोंदणीची प्रत, आणि पगार बँकेत जमा होत असेल तर त्या नोंदी द्याव्यात. रोखीने पगार घेतलेल्यांची बाजू सर्वांत कमकुवत पडते, आणि त्यांच्या कष्टाला कागदाचा आधार नसावा याचे वाईट वाटते. ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर विमा क्रमांकावरून त्या काळातल्या नोकरीचा मागमूस लागतो. तेही नसेल, तर मालकाने फोनवर स्पष्टपणे दुजोरा देणे एवढाच आधार उरतो, म्हणून मालकाशी संबंध तुटू देऊ नयेत.

पैसे घेऊन अनुभवाची पत्रे आणि पगारपावत्या विकणारे दलाल या शहरात आहेत. त्या पत्रांवरच्या कंपन्यांची नावे एकाच पत्त्यावर आणि त्याच त्या सह्यांनिशी अनेक फाइलींत येत राहतात, त्यामुळे त्या लवकरच ओळखू येतात आणि मोठ्या कंपन्या व एजन्सी त्यांच्या याद्या ठेवतात. पकडले गेल्यावर नोकरी तर जातेच, शिवाय बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. बनावटीकरण कलम ३३६ मध्ये, बनावट दस्तऐवजाचा वापर कलम ३४० मध्ये आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये येते. दोन वर्षांच्या खोट्या अनुभवासाठी एवढी जोखीम घ्यायला कोणत्याही तरुणाला कोणी भरीस घालत असेल, तर तो त्याचा हितचिंतक नाही.

नावाचा घोळ

मराठी माणसाचे नाव कागदोकागदी बदलते. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. आधारवर स्वतःचे नाव आधी असते, आणि कधी वडिलांचे नाव मध्ये असते, कधी नसते. बँकेत नुसते आद्याक्षर. संगणक या तिघांना तीन माणसे समजू शकतो. फॉर्मात पूर्ण नाव पॅन कार्डाप्रमाणे लिहून, इतर कागदांवर ते कोणत्या क्रमाने आहे हे पुढे नोंदवावे.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना याचा त्रास सर्वाधिक होतो. पदवी माहेरच्या नावाची, पहिली नोकरी त्याच नावाची, पॅन सासरच्या नावाचे, आणि आधार मात्र अजून जुने. इथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा दोन्ही नावांना जोडणारा मुख्य दुवा ठरतो. स्वतःचे पहिले नावही बदलले असेल, तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते. महाराष्ट्रात हे काम चर्नी रोडला मुख्यालय असलेल्या शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. पडताळणीच्या फॉर्मात ‘पूर्वीचे नाव’ असा रकाना असतो. तो रिकामा सोडला की विद्यापीठाकडून ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येण्याची शक्यता निर्माण होते.

शिक्षण

पदवीची खात्री थेट विद्यापीठाकडून केली जाते. महाविद्यालयाचा दुजोरा सहसा पुरेसा मानला जात नाही. मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत कालिना संकुलातल्या परीक्षा विभागाकडे शुल्क भरून विचारणा जाते, आणि त्यासाठी आसन क्रमांक, परीक्षेचा महिना व वर्ष अचूक लागते. पदवी कोणत्या सत्रात मिळाली याऐवजी प्रवेशाचे वर्ष लिहिल्यामुळे अडकलेल्या फाइली काही कमी नसतात. १९९६ पूर्वीच्या पदव्यांवर विद्यापीठाचे जुने, बॉम्बे हे नाव आहे, तेव्हा ज्येष्ठ उमेदवारांनी प्रमाणपत्रावर छापलेलेच नाव लिहावे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका हरवल्या असतील, तर मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय वाशीला आहे. तंत्रनिकेतनाच्या पदविकेसाठी वांद्रे पूर्वेचे तंत्रशिक्षण मंडळ. डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका आणि अनेक विद्यापीठांच्या पदव्या थेट जारीकर्त्याकडून येतात, त्यामुळे स्कॅन केलेल्या प्रतीपेक्षा ती प्रत कधीही सरस.

एखादा विषय राहून गेल्यामुळे पदवी अपुरी असेल, तर तसेच लिहावे. दूरस्थ किंवा खासगी संस्थेतून पदवी घेतली असल्यास संस्थेला मान्यता आहे ना, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे; आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून घेऊ देऊ नयेत.

पत्ता

पत्ता हा भाग सोपा वाटतो, पण मुंबईत तो अजिबात सोपा नाही. आधारवर परळच्या चाळीचा पत्ता, चाळ पुनर्विकासात गेलेली, कुटुंब संक्रमण शिबिरात, आणि उमेदवार स्वतः डोंबिवलीत भाड्याने. एजन्सीचा माणूस परळला जाऊन पाहतो तो तिथे पत्र्याचे कुंपण आणि क्रेन. अशा प्रसंगी फॉर्मात कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळे लिहून, पुनर्विकासाचा करार किंवा संक्रमण शिबिराच्या वाटपाचे पत्र जोडावे. भाड्याच्या घरासाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार सर्वांत चांगला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारकच आहे. मालक नोंदणी टाळतो आणि मग भाडेकरूकडे पुरावा राहत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी गॅसजोडणी किंवा बँकेच्या पत्रव्यवहारावर सध्याचा पत्ता बदलून घ्यावा.

आता बऱ्याच एजन्सी माणूस पाठवण्याऐवजी मोबाइलवर लिंक देतात. घराच्या दारात उभे राहून ती उघडली की ठिकाणाची नोंद होते आणि दाराचा फोटो घेतला जातो. ही लिंक ऑफिसातून किंवा लोकलमधून उघडू नये. माणूस येणार असेल, तर घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवावी. चाळीत सगळे हाकेने ओळखतात आणि पूर्ण नाव विचारले की ‘असे कोणी राहत नाही’ असे उत्तर निरागसपणे दिले जाते.

न्यायालयीन नोंदी आणि पोलीस पडताळणी

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी एजन्सी प्रामुख्याने न्यायालयांच्या उपलब्ध नोंदींत, म्हणजे ई-कोर्ट्स (जिल्हा व तालुका न्यायालयांच्या नोंदी) आणि उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवर, नावाने शोध घेते. पाटील, जाधव, शिंदे अशा आडनावांचे शेकडो पक्षकार त्यात सापडतात. म्हणून वडिलांचे नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय तो खटला आपला ठरत नाही. दुसऱ्याच माणसाचा खटला आपल्या अहवालात आला, तर या तीन गोष्टींचे पुरावे घेऊन लगेच लेखी हरकत घ्यावी.

पोलीस पडताळणीत अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून होतो, स्थानिक पोलीस ठाणे चौकशी करते आणि चारित्र्य प्रमाणपत्र मिळते. परदेशी जाण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळते, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नये. सुरक्षा रक्षकांसाठी २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था नियमन कायद्याने आणि शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी २०२० च्या पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक, नियमांनी पूर्ववृत्त तपासणे आवश्यक केले आहे. शासकीय नोकरीत साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःच्या पूर्ववृत्ताची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो आणि त्यातल्या गुन्ह्यांविषयीच्या प्रश्नांचे उत्तर फार जपून द्यावे. खटला चालू आहे, सुटका झाली, तडजोड झाली, काहीही असले तरी ते लिहावे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला निकाल उमेदवाराने माहीत करून घ्यावा. माहिती खरी द्यावी, ती दडवू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. त्याच वेळी तरुण वयातल्या घोषणाबाजीसारख्या किरकोळ प्रकरणाकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो आणि प्रश्नच विचारला नसेल तर दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही, हेही त्यात आहे.

विशिष्ट व्यवसाय

बँका आणि वित्तसंस्था उमेदवाराचा क्रेडिट इतिहास पाहतात. थकलेले क्रेडिट कार्ड सार्वजनिक बँकेतली नेमणूक अडवू शकते. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो आधी काढून चुकीच्या नोंदींवर तक्रार करावी. डॉक्टर आणि परिचारिकांची नोंदणी त्यांच्या राज्य परिषदेकडे, सीएचे सदस्यत्व त्यांच्या संस्थेकडे, चालकाचा परवाना परिवहन विभागाच्या पोर्टलवर तपासला जातो. परवान्याचे नूतनीकरण राहिले असेल, तर अर्जाआधी करून घ्यावे.

संमती देताना

संमतीपत्र वाचून सही करावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. त्या जबाबदाऱ्या लागू झाल्या की कायद्यानुसार कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगावे लागते, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येते. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे.

पोर्टलचा पासवर्ड कोणालाही देऊ नये. काही एजन्सी पीएफची नोंद पाहण्यासाठी उमेदवाराच्या मोबाइलवर ओटीपी पाठवतात. तो कंपनीच्या ईमेलवरून आलेल्या अधिकृत लिंकवर स्वतः भरावा, फोनवर सांगू नये. पडताळणीचे शुल्क म्हणून पैसे मागणारा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजावा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे.

अहवालात तफावत निघाली तर

एचआरकडून विचारणा आली की घाबरून फोनवर लांबलचक खुलासा करू नये. नेमकी कोणती नोंद जुळली नाही, ती कोणत्या स्रोतातून आली आणि उत्तराची मुदत किती, हे ईमेलने विचारावे आणि अहवालातला संबंधित भाग मागावा. उत्तर एकाच ईमेलमध्ये, एका तफावतीला एक परिच्छेद आणि एक कागद या हिशेबाने द्यावे. उदाहरणार्थ, पीएफमध्ये सोडल्याची तारीख कोरी असल्यास रिलीव्हिंग लेटर, त्या तारखेनंतर वर्गणी न दाखवणारे पासबुक, आणि दुरुस्तीचा अर्ज केल्याची पोच, एवढे पुरते. चूक जुन्या कंपनीची असेल, तर तिच्या एचआरकडून दुरुस्तीचा ईमेल थेट एजन्सीला जाईल असे पाहावे. आपल्यामार्फत आलेल्या पत्राला तेवढे वजन नसते. आणि फॉर्मात खरोखरच काही चुकीचे लिहिले गेले असेल, तर ते पहिल्याच उत्तरात मान्य करावे, कारण दुसऱ्या उत्तरात बदललेली हकिगत कोणी ऐकून घेत नाही.

अहवालावर निर्णय होईपर्यंत जुन्या कंपनीतला राजीनामा लांबवता येत असेल, तर नव्या कंपनीला तसे स्पष्ट विचारावे. रुजू होण्याआधी पडताळणी पूर्ण करा, अशी लेखी विनंती केल्यास काही कंपन्या शिक्षण आणि आधीच्या नोकऱ्यांचा भाग तरी अगोदर उरकून देतात. उत्तर नकारार्थी आले, तर निदान ऑफर लेटरमधल्या त्या वाक्याची व्याप्ती विचारून घ्यावी: किती वर्षांपर्यंतचा इतिहास तपासला जाणार, कोणत्या तफावतीवर नेमणूक रद्द होऊ शकते, आणि तसे ठरवण्याआधी उमेदवाराचे म्हणणे मागवले जाणार की नाही.